संगणकाची स्वयंचलित डागडुजी : पंचायत कार्यालये व शाळा यांच्यासाठी काही मार्गदर्शन

शापोरा नदीच्या उत्तर तीरावरील चोपडे व शेजारचा आगरवाडा या गावांतील ग्रामस्थांना बांध आणि मानस यांचे महत्त्व समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात आणि शेतातील जादा पाणी बाहेर जावे म्हणून बांधात मानस बसवितात. मानशीचे दार ओहोटीला आपोआप उघडते व भरतीला आपोआप मिटते. दार स्वयंचलित असते. तथापि त्याची फळी कुजली किंवा बांधाला खेकड्याने भोक पाडले, तर ते पाहून वेळीच बुजविणारा माणूस लागतोच. एका जागी राहिलेल्या भोकातून आलेले पाणी एकाच कुळाच्या शेतात थांबत नाही. ते सगळे खाजन बुडविते.

पंचायत कार्यालये, शाळा व शासकीय खाती यांतील संगणकांची स्थिती याहून निराळी नाही. घरपट्टीची नोंद, जन्म-मृत्यूचे दाखले, विद्यार्थ्यांचे गुण, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सर्व आज संगणकात असते आणि हे संगणक एकमेकांशी जोडलेले असतात. त्यांच्या आज्ञावलीत पडलेली भोके बुजविण्याची जी व्यवस्था आहे, तिला अद्ययावतीकरण किंवा रूढ शब्दात 'अपडेट' असे म्हणतात. ही व्यवस्था स्वयंचलित असली, तरी ती केव्हा चालावी, कोणत्या संगणकावर आधी चालावी आणि ती खरोखर चालली की नाही हे कोणी पाहावे, याचा निर्णय कार्यालयालाच करावा लागतो. विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांपुरता हा निर्णय कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अद्ययावतीकरणाचे प्रकार

मायक्रोसॉफ्ट ही कंपनी विंडोजसाठी सुरक्षाविषयक दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. हा प्रघात ऑक्टोबर २००३ पासून चालू आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहा वाजता त्या प्रसिद्ध होतात. त्या वेळी आपल्याकडे मंगळवारची रात्र असते. उन्हाळ्यात साडेदहा, तर हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे आपल्या कार्यालयांच्या दृष्टीने कामाचा दिवस हा त्यानंतरचा बुधवार होय. हा बुधवार दर वेळी महिन्यातील दुसरा बुधवार असतोच असे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिली तारीख बुधवारी आली होती. त्यामुळे दुसरा मंगळवार १४ तारखेला आणि त्यापुढील बुधवार महिन्यातील तिसरा ठरला. नोंदवहीत तारीख लिहिताना एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रकार वार्षिक आवृत्तीचा. विंडोजची नवी आवृत्ती सामान्यतः वर्षातून एकदा, वर्षाच्या उत्तरार्धात येते. 'प्रो' प्रकारच्या विंडोज ११ ला एका आवृत्तीसाठी २४ महिने, तर 'एंटरप्राइझ' व 'एज्युकेशन' प्रकारांना ३६ महिने दुरुस्त्या मिळतात. मासिक दुरुस्ती ही बांधाचे भोक बुजविण्यासारखी आहे. ती लांबविता येत नाही. वार्षिक आवृत्ती ही बांध नव्याने घालण्यासारखी असून ती सवडीने, परंतु मुदतीत करावयाची असते. या दोहोंना एकच नियम लावणे हे पुष्कळशा गैरसोयींचे मूळ आहे.

विलंबाचे परिणाम

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका गंभीर उणिवेवर दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे २०१७ रोजी, त्याच उणिवेतून शिरणारा 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. तो संगणकातील धारिका कुलूपबंद करून पैसे मागत असे. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-संस्थांच्या कामात व्यत्यय आला. आपल्या देशात आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक बाधित झाले. तसेच केरळातील वायनाड व पथनमथिट्टा या जिल्ह्यांतील ग्रामपंचायत कार्यालयांचे संगणकही बाधित झाले. ग्रामपंचायतीचा संगणक कोण कशाला बिघडवील, या समजुतीला त्या घटनेने पूर्णविराम दिला. असा विषाणू कार्यालय निवडून येत नाही. उघडे दार सापडले की तो शिरतो.

त्याच वर्षी २७ जून रोजी तीच उणीव वापरणाऱ्या दुसऱ्या आक्रमणामुळे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. दुरुस्ती उपलब्ध होऊन त्या दिवशी १०५ दिवस झाले होते.

गोव्यालाही असा अनुभव आला आहे. जून २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, राज्याच्या जलस्रोत खात्याच्या पूरनियंत्रण यंत्रणेच्या सर्व्हरवर खंडणीखोर आक्रमण झाले. प्रमुख नद्यांवरील १५ ठिकाणांहून पाण्याच्या पातळीची माहिती या यंत्रणेकडे येत असे. ती माहिती कुलूपबंद झाली आणि सोडवणुकीसाठी बिटकॉइनच्या स्वरूपात पैसे मागण्यात आले. खात्याने पोलिसांकडे तक्रार नोंदविली. विषाणूरोधक आज्ञावली नसणे व संरक्षक भिंतीची व्यवस्था जुनी झालेली असणे ही कारणे त्या वेळी पुढे आली. केवळ विंडोजच्या दुरुस्तीने ही घटना टळली असती, असे म्हणता येणार नाही. परंतु अखंड इंटरनेटला जोडलेल्या यंत्राची डागडुजी राहून गेली की काय होते, हे तिने दाखविले. तिळारीतून पाणी सुटले की नदीकाठच्या गावांची चिंता वाढते. अशा गावांना पाण्याच्या पातळीची माहिती वेळेवर मिळणे म्हणजे काय, हे पेडणे तालुक्यातील वाचक जाणतात.

अद्ययावतीकरण बंद का ठेवले जाते ?

एवढे असूनही अनेक ठिकाणी ही व्यवस्था बंद ठेवण्याकडे कल दिसतो. त्याची कारणे पोकळ नाहीत. दाखला छापण्याच्या वेळी संगणक पुन्हा सुरू होऊ लागतो आणि खिडकीपाशी लोक खोळंबतात. सर्व संगणक एकाच वेळी दुरुस्ती उतरवून घेऊ लागले की इंटरनेट मंदावते. क्वचित नवी दुरुस्ती बसविल्यावर छपाईयंत्र चालेनासे होते.

दुरुस्तीच सदोष असण्याचा संभवही नाकारता येत नाही. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची वेळ आली. ती दुरुस्ती विंडोजची नव्हती; परंतु तिचा धडा सर्वांना लागू आहे. एकच बदल सर्व यंत्रांवर एकाच क्षणी झाला, तर त्यातील चूकही सर्व यंत्रांवर एकाच क्षणी होते.

यावरून अद्ययावतीकरण बंद ठेवावे असा निष्कर्ष मात्र निघत नाही. ते थोड्या संगणकांवर आधी, उरलेल्यांवर थोड्या दिवसांनी आणि सर्वांवर ठराविक मुदतीच्या आत व्हावे, एवढाच निष्कर्ष निघतो. पुढील सर्व सूचना या एका तत्त्वावर आधारलेल्या आहेत.

नियंत्रण कोठून होते ?

ज्या कार्यालयाचे संगणक मध्यवर्ती सर्व्हरशी जोडलेले आहेत, तेथे 'ग्रुप पॉलिसी' या साधनाने एकदा नियम ठरविला की तो सर्व संगणकांना लागू होतो. सुट्या संगणकांवर हाच नियम 'जीपीएडिट' या आज्ञेने प्रत्येक संगणकावर वेगळा घालावा लागतो. विंडोजच्या 'होम' प्रकारात हे साधन नसते. यास्तव कार्यालयासाठी संगणक खरेदी करतानाच 'प्रो' किंवा 'एज्युकेशन' प्रकाराचा आग्रह धरावा.

या साधनात 'कंप्युटर कॉन्फिगरेशन', त्याखाली 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स', मग 'विंडोज कंपोनंट्स' आणि शेवटी 'विंडोज अपडेट' असा क्रम आहे. तेथील 'कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स' हा नियम मुख्य होय. तो चालू केल्यावर पुढील पर्याय मिळतात :

पर्याय २ : दुरुस्ती उतरविण्यापूर्वी आणि बसविण्यापूर्वी, दोन्ही वेळा विचारणे.
पर्याय ३ : दुरुस्ती आपोआप उतरविणे, बसविण्यापूर्वी विचारणे.
पर्याय ४ : आपोआप उतरविणे आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी बसविणे.
पर्याय ५ : निर्णय त्या संगणकाच्या प्रशासकावर सोपविणे. विंडोज १० पासून हा पर्याय उरलेला नाही.
पर्याय ७ : केवळ सर्व्हरसाठी. दुरुस्ती आपोआप उतरते. बसविण्यासाठी व पुन्हा सुरू करण्यासाठी सूचना मिळते.

हा नियम 'डिसेबल्ड' केल्यास आपोआप काहीच होत नाही. प्रत्येक दुरुस्ती कोणीतरी हाताने बसवावी लागते. पर्याय २ व ३ दिसावयास सावध वाटतात. परंतु कामाच्या गर्दीत 'नंतर' हे बटण दाबले जाते आणि त्या 'नंतर'चे महिने होतात. सबब सामान्य कार्यालयीन संगणकांसाठी पर्याय ४ निवडावा.

वेळ ठरविताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या पर्यायात सुरुवातीला पहाटे तीनची वेळ दिलेली असते. आपल्या पंचायत कार्यालयांत व शाळांत संध्याकाळी मुख्य कळ बंद करून कुलूप लावतात. बंद संगणक पहाटे तीन वाजता काहीही करू शकत नाही. ज्या वेळी संगणक चालू असतो परंतु लोकांची ये-जा नसते, अशी वेळ निवडावी. दुपारची मधली सुटी सर्वांत योग्य. पुन्हा सुरू करण्याचे काम संध्याकाळी संगणक बंद करताना 'अपडेट अँड शट डाउन' निवडून उरकावे. काम चालू असताना संगणकाने आपण होऊन पुन्हा सुरू होऊ नये म्हणून कामाचे तास नेमून देण्याचीही सोय आहे. असे तास दिवसाला जास्तीत जास्त १८ ठेवता येतात.

दोन तुकड्या आणि एक मुदत

मासिक दुरुस्ती ३० दिवसांपर्यंत आणि वार्षिक आवृत्ती ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलण्याचा अधिकार कार्यालयाला आहे. या अधिकाराचा उपयोग टाळाटाळीसाठी न करता तुकड्या पाडण्यासाठी करावा. चार संगणकांचे एक पंचायत कार्यालय उदाहरणादाखल घेऊ.

पहिली तुकडी : एक संगणक. तो छपाईयंत्राला जोडलेला असावा व रोजच्या वापरातील असावा. परंतु दाखले देण्याचा एकमेव संगणक नसावा. विलंब शून्य दिवस, मुदत दोन दिवस. दुरुस्ती बसल्यावर त्यावर एक नमुना दाखला, एक पावती व एक अहवाल छापून पाहावा.

दुसरी तुकडी : उरलेले तीन संगणक. विलंब सात दिवस, मुदत तीन दिवस आणि पुन्हा सुरू करण्यासाठी दोन दिवसांची सवलत.

मुदत घालण्यासाठी 'स्पेसिफाय डेडलाइन्स फॉर ऑटोमॅटिक अपडेट्स अँड रीस्टार्ट्स' हा नियम आहे. मासिक दुरुस्तीसाठी शून्य ते ३० दिवसांपर्यंत मुदत आणि शून्य ते सात दिवसांपर्यंत सवलत ठेवता येते. मुदत संपल्यावर संगणक स्वतःच पुन्हा सुरू होतो. 'कोणी काम करीत असेल तर पुन्हा सुरू करू नये' असा दुसरा नियम घातलेला असला, तरी त्या वेळी तो मानला जात नाही. कर्मचाऱ्यांना याची पूर्वकल्पना द्यावी. वरील हिशोबाने रोज चालू असलेल्या चारही संगणकांवर दुरुस्ती सुमारे दोन आठवड्यांत बसते. वॉनाक्रायच्या ५९ दिवसांशी याची तुलना करून पाहावी.

वार्षिक आवृत्तीसाठी 'सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन' या नियमात हवी ती आवृत्ती लिहून संगणक तिच्यावर स्थिर ठेवता येतो. शाळांनी नवी आवृत्ती परीक्षांच्या काळात घेऊ नये, सुटीत घ्यावी. पंचायतींनी वर्षअखेरीच्या वसुलीचे दिवस टाळावेत.

मोठ्या खात्यांत दुरुस्त्या स्वतःच्या सर्व्हरवर आणून तेथून वाटण्याची पद्धत आहे. त्यासाठी 'विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस' ही व्यवस्था २००५ पासून वापरात आली. तिच्यात नवी भर घालणार नसल्याचे कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले आहे. नव्या योजना आखताना हे विचारात घ्यावे. या व्यवस्थेत प्रशासकाने मंजुरी दिल्याशिवाय, किंवा आपोआप मंजुरीचा नियम घातल्याशिवाय, दुरुस्ती पुढे जात नाही. सहीविना टेबलावर पडून राहिलेल्या धारिकेसारखी तिची स्थिती होते : पर्याय ४ असला, सर्व नियम बरोबर असले, तरी एकाही संगणकाला काही मिळत नाही. म्हणून मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचे व तो रजेवर असताना ते काम पाहणाऱ्याचे नाव लेखी नेमलेले असावे. वाटप करणारा सर्व्हरही दुरुस्तीस पात्र असतो. या व्यवस्थेतीलच एका गंभीर उणिवेसाठी २३ ऑक्टोबर २०२५ रोजी तातडीची दुरुस्ती काढावी लागली होती. तसेच एकाच संगणकाला खात्याचा सर्व्हर आणि वरील विलंबाचे नियम हे दोन्ही एकाच वेळी लावताना, कोणती दुरुस्ती कोठून घ्यावयाची हे स्पष्ट ठरवावे. एका संगणकाला दोन मालक झाले की कोणाचाच हुकूम नीट चालत नाही.

इंटरनेट व वीज

संगणकांनी दुरुस्ती एकमेकांकडून घ्यावी अशी 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' नावाची सोय विंडोजमध्येच आहे. तिचा पर्याय १ निवडल्यास एका संगणकाने उतरविलेले भाग त्याच जाळ्यातील दुसऱ्यांना मिळतात व बाहेरची वाहतूक कमी होते. दुरुस्ती उतरविण्यासाठी इंटरनेटच्या वेगाचा किती टक्के भाग वापरावा, हेही तेथेच ठरविता येते. मंद जोडणी असलेल्या शाळांनी ही सोय अवश्य वापरावी.

पावसाळ्यात वीज जाण्याचे प्रमाण वाढते. दुरुस्ती बसत असताना वीज गेल्यास संगणक सुरू होण्यात अडचण येऊ शकते. म्हणून दुरुस्तीच्या दिवशी संगणक यूपीएसवर असावा, त्याची बॅटरी तपासलेली असावी आणि 'संगणक बंद करू नये' अशी सूचना पडद्यावर असताना कोणीही कळ दाबू नये.

तपासणी व नोंदवही

नियम घातला म्हणजे काम झाले असे समजू नये. नियम संगणकापर्यंत पोचला का, हे 'जीपीरिझल्ट' या आज्ञेने कळते. दुरुस्ती बसली का, हे 'सेटिंग्ज'मधील 'विंडोज अपडेट' या भागात 'अपडेट हिस्टरी' पाहून कळते. काही नियम आपल्या संस्थेकडून नियंत्रित आहेत, अशी ओळ तेथे दिसल्यास घाबरू नये. कार्यालयाचे नियम लागू असल्याचीच ती खूण आहे.

प्रत्येक कार्यालयाने एक साधी नोंदवही ठेवावी. तीत संगणकाचा क्रमांक, विंडोजची आवृत्ती, शेवटची दुरुस्ती बसल्याची तारीख, आढळलेली अडचण व तपासणाऱ्याची सही असे पाच रकाने पुरेत. महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटांत हे काम होते. पंचायतीत सचिवाने व शाळेत मुख्याध्यापकाने ही वही पाहून सही करावी. दोन महिने रकाना कोरा दिसला, तर तो संगणक जाळ्यातून बाजूला काढून तपासावा.

याबरोबरच नोंदींची प्रत काढून ती संगणकापासून अलग ठेवावी. अद्ययावतीकरणामुळे धोका कमी होतो. हरवलेली नोंद त्याने परत मिळत नाही. ती केवळ राखून ठेवलेल्या प्रतीतूनच मिळते.

जुने संगणक

विंडोज ७ च्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० च्या सर्वसाधारण दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या. अशा संगणकावर वरील सर्व नियम अचूक घातले, तरी येणारे काही नाही. संस्थांना विंडोज १० साठी दर वर्षी शुल्क भरून ऑक्टोबर २०२८ पर्यंत वाढीव दुरुस्त्या घेता येतात. हे शुल्क वर्षागणिक वाढते. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती लागते. आपल्या कोणत्या संगणकांत ही सोय आहे याची यादी करून अंदाजपत्रकात वेळीच तरतूद मागावी. तोपर्यंत न टिकणारे संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ टंकलेखनासारख्या कामासाठी वापरावेत.

शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासाठी

घरच्या संगणकावर यातील बहुतेक कामे विंडोज स्वतः करते. परीक्षेचे पेपर काढण्याच्या दिवसांत व्यत्यय नको असेल, तर दुरुस्त्या पाच आठवड्यांपर्यंत थांबविण्याची सोय आहे. मुदत संपताच त्या घेतल्याशिवाय पुन्हा थांबविता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

खरी दुरुस्ती नेहमी 'सेटिंग्ज'मधून येते. संकेतस्थळ पाहताना 'तुमचा संगणक जुना झाला आहे, येथे दाबा' अशी पाटी आली, किंवा मायक्रोसॉफ्टमधून बोलतो असे सांगून कोणी दूरध्वनी केला, तर ती फसवणूक समजावी. पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. कार्यालयांवर झालेल्या सायबर घटना सहा तासांच्या आत 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेला कळविण्याचा आदेश एप्रिल २०२२ मध्ये निघाला आहे, हेही कार्यालयप्रमुखांनी लक्षात ठेवावे.

दाखल्यासाठी पंचायतीत आलेल्या ग्रामस्थाला 'आज संगणक पुन्हा सुरू होत आहे, पाच मिनिटे थांबा' असे सांगावे लागले, तर त्याने थोडा धीर धरावा. त्या पाच मिनिटांमुळे त्याच्याच घराची, जमिनीची आणि मुलांची नोंद सुरक्षित राहणार आहे. त्याचबरोबर ती पाच मिनिटे गर्दीच्या वेळी येऊ नयेत, याची आखणी करणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे. येत्या दुसऱ्या मंगळवारपूर्वी प्रत्येक कार्यालयाने पहिल्या तुकडीचा एक संगणक निवडावा, जबाबदार व्यक्तीचे नाव नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावे आणि कामास आरंभ करावा.